सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांनो



नागपूर ते आमणे, ७०१ किलोमीटर, १० जिल्हे. समृद्धी महामार्ग. २०२५ साली पुरा झाला. सोळा तासांची वाट आठ तासांवर आली म्हणून आपलेही काही लोक टाळ्या पिटतात. दीक्षाभूमीला सकाळी निघून दुपारी पोचू, म्हणतात. पोचा की! पण आधी चारचाकी काढा, टोल काढा. फटफटीला आणि रिक्षाला तिथं बंदी आहे.

मला रस्त्याचा राग नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला गाव सोडून शहर गाठायला रस्ताच लागतो. माझा सवाल हिशेबाचा आहे.

बहुतेक जमीन सरकारनं थेट खरेदीनं घेतली. पाचपट भाव दिला. खरेदीखत कुणाशी? सातबाऱ्यावर नाव त्याच्याशी. आणि त्याच रानात खुरपून, कापूस वेचून जिची हयात गेली, तिचं नाव सातबाऱ्यावर कधी होतं? मालकाचं रान गेलं, पैसा आला. तिची मजुरी गेली, तिला काय आलं?

२०१३ चा भूसंपादन कायदा अशा शेतमजुरालाही बाधित कुटुंब म्हणतो. तीन वर्षं त्या रानावर पोट असलं की पुनर्वसनाचा हक्क लागतो. पण खरेदीखतात तिच्या अंगठ्याला जागाच नाही. कायदा कागदावर ऱ्हायला, रस्ता पुढं गेला.

आणि रस्ता बांधताना मेलं कोण? ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरलांब्याला गर्डर चढवायचं यंत्र कोसळलं. कामावरची २० माणसं चिरडून मेली. टोलच्या पावतीवर त्यांचा आकडा नसतो.

१९५९ साली दादासाहेब गायकवाड भूमिहीनांना घेऊन जेलात गेले. आज शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात शेतकरी उठले. रास्तच उठले. पण त्या मोर्चात आपण फक्त मागनं घोषणा द्यायच्या का? जमीन वाचली तर मालकाची, गेली तर पैसा मालकाचा. मग आपला झेंडा कशासाठी?

मीही कविता लिहितो. एल्गार, वणवा, सूर्य, सगळं लिहून झालं. आता वही दुसऱ्या कामाला घ्या. मोजणीवाले यायच्या आधी वस्तीत घरोघर जा. कोण कुणाच्या रानात, किती वर्षं, काय मजुरीवर, यादी करा. ग्रामसभेत वाचा. ठरावात घालायला लावा. नाही घातली तर मोजणीच्या साखळीपुढं बसा.

सातबारा त्यांचा. यादी आपली.

जय भीम.