स्वतःची वाट टाळणारी भटकंती

घाटकोपरच्या गल्ल्यांतून एखादा माणूस दिशा न ठरवता भटकत निघाला, तर तो पुन्हा पुन्हा त्याच नाक्यांवर येतो. पावले चौपट टाकली, तरी निघालेल्या जागेपासूनचे अंतर सरासरी दुप्पटच होते. आता एकच अट घालू : एकदा ओलांडलेल्या नाक्यावर पुन्हा यायचे नाही. अशा सर्व लांबलचक वाटांची सरासरी काढली, तर अंतर सुमारे २.८ पट होते. गल्ल्या चौकोनी असोत वा षटकोनी, हा आकडा बदलत नाही. सांख्यिकी भौतिकीत याला ‘सार्वत्रिकता’ (युनिव्हर्सॅलिटी) म्हणतात.

याचा आरोग्याशी काय संबंध? पॉलिमरचे लांब साखळीसारखे रेणू द्रवात अशीच वेटोळी घालतात. साखळीचे दोन भाग एकाच जागी मावत नाहीत, म्हणून वेटोळे फुगते. पॉल फ्लोरी यांनी या फुगण्याचा हिशेब मांडला. पॉलिमरवरील कामासाठी त्यांना १९७४ चे नोबेल मिळाले.

केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून फिलग्रास्टिमचे इंजेक्शन काही दिवस रोज घ्यावे लागते. त्याच औषधाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडली, की हा फुगीर रेणू मूत्रपिंडाच्या चाळणीतून सहज निसटत नाही. मग केमोच्या एका फेरीला एकच इंजेक्शन पुरते. मुलुंड-बोरिवलीच्या थकलेल्या रुग्णाला रोज दवाखाना गाठावा लागत नाही. हे औषध थेट त्या गणितातून निघाले असे नाही. पण साखळी किती फुगेल, हे कळते ते त्याच गणितामुळे.

म्हणूनच संशोधनाला पहिल्याच दिवशी ‘उपयोग काय?’ असे विचारणे चुकीचे आहे. दीपक धर यांनी १९७८ मध्ये काही खास जाळ्यांवरील अशा भटकंतीची अचूक उत्तरे काढली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०२२ चे बोल्ट्झमन पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. अंधेरीतल्या क्लासच्या फलकांवर नीट-जेईईचे गुणवंत झळकतात. धर यांचे नाव तिथल्या किती मुलांना ठाऊक असेल?

अकरावीच्या शिक्षकांनी एक तास यासाठी द्यावा. चौकटीची वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य लागते. त्रिमितीतल्या भटकंतीचे अचूक उत्तर आजही कोणाला सापडलेले नाही, हे मुलांना जरूर सांगावे. परीक्षेत न येणारा प्रश्नही आपला असू शकतो, हे कोवळ्या वयातच कळायला हवे.