टबातले पाणी आणि भिंतीवरचा प्लग

पक्षाघातानंतर आखडलेला हात सैल व्हावा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय वाकावा, भाजलेली जखम हळुवार धुतली जावी, यासाठी रुग्णाला कोमट पाण्याच्या टबात बसवतात. फिजिओथेरपी विभागात पाणी घुसळणारी मोटर अनेकदा टबाच्या काठालाच अडकवलेली असते. निसर्गोपचारात कटिस्नान आहे, पंचकर्मात अवगाहन आहे आणि अलीकडे शहरांतील काही प्रसूतिगृहांत पाण्यातील बाळंतपणाची सोयही आहे. महाराष्ट्राला जलोपचार नवे नाहीत. गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला तो १९४६ साली. पाणी किती गरम असावे, रुग्णाने किती वेळ बसावे, याची काळजी सगळे घेतात. टबाशेजारच्या वायरिंगची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही.

हिशेब साधा आहे. कोरडी कातडी विजेला बराच विरोध करते. पाण्यात भिजल्यावर हा विरोध घसरतो आणि शरीराचा एकूण रोध हजार ओहमच्या आसपास येतो. आपल्याकडचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे शरीरातून साधारण २३० मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो. साठ वॅटचा जुना बल्ब याहून थोडा जास्त करंट घेतो! पण हृदयाची लय बिघडवायला शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा करंटही पुरतो, तोही सेकंदभरात.

इथेच एक गैरसमज महागात पडतो. ‘आमच्याकडे एमसीबी आहे,’ असे हमखास सांगितले जाते. सोळा अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतो. रुग्ण दगावेल, पण तो पडणार नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तो सतत ताडून पाहतो. फरक पडला, म्हणजे करंट कुठून तरी जमिनीत चालला आहे. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी २३० मिलिअँपिअरची गळती सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तोडतो. हृदयाचा एक ठोकाही तेवढ्यात पुरा होत नाही.

मग अर्थिंग कशाला? तेही हवेच, पण एकटे पुरत नाही. स्टीलचा टब, नळ, पकडायचा दांडा, मोटरची बॉडी या सगळ्या धातूच्या वस्तू जाड तारेने एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात. नाहीतर एका ठिकाणच्या बिघाडाने टब आणि नळ यांच्यात दाबाचा फरक तयार होतो आणि टबात बसून नळ धरणारा रुग्ण त्या दोहोंमधला दुवा बनतो. फायबरच्या टबात वेगळाच फसवेपणा आहे. तिथे पाण्यात उतरलेला करंट जमिनीकडे जायला वाटच नसते, त्यामुळे आरसीसीबीही गप्प राहतो. वाट मिळते ती रुग्णाने धातूला हात लावल्यावर. तेव्हा जीव वाचवणारे एवढे एकच साधन उरते.

घरच्या बाथरूमलाही हे सारे लागू आहे. पण घरी झिणझिण्या जाणवल्या की माणूस हात मागे घेतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्याला त्या कळत नाहीत. पक्षाघात झालेला स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. भाजलेल्याला तर कातडीचे संरक्षणच उरलेले नसते. आणि त्याला ओढून काढायला धावलेली परिचारिका किंवा मावशीही त्याच करंटच्या वाटेत येते.

नियम नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार टबाच्या आत बारा व्होल्टहून जास्त दाबाचे काही नको आणि काठापासून साठ सेंटिमीटरपर्यंत साधा प्लग नको. जलोपचाराच्या खोलीसाठी तीस मिलिअँपिअरचे संरक्षण सांगितलेले आहे. अमेरिकेची संहिता उपचाराच्या टबापासून सहा फुटांच्या आतील प्रत्येक प्लगला असे संरक्षण मागते. तिकडे या सक्तीची सुरुवातच १९६८ साली पोहण्याच्या तलावातील दिव्यांपासून झाली. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांतही गळती-संरक्षणाची तरतूद आहे.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बालके दगावली, तेव्हापासून रुग्णालयांच्या ऑडिटची चर्चा होते. ते आवश्यकच आहे. मात्र ऑडिट म्हटले की डोळ्यांपुढे आग येते. शॉकने धूर निघत नाही, अलार्म वाजत नाही. आधीच आजारी असलेल्याच्या मृत्यूचे कारण सहज दुसरेच वाटू शकते. म्हणून विद्युत निरीक्षकांच्या तपासणीत पाण्याच्या प्रत्येक टबाची नोंद वेगळी झाली पाहिजे. निसर्गोपचार केंद्रे, पंचकर्म चिकित्सालये आणि दोन खोल्यांतली फिजिओथेरपी क्लिनिकही त्यातून सुटता कामा नयेत. टबातले पाणी तापवायला इमर्शन रॉड सोडण्याची पद्धत तर आजच बंद व्हावी. गिझरचे पाणी आणून ओतावे, थोडे श्रम पडतील.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. ते दाबले की वीज जायला हवी. महिन्यातून एकदा, टबात कोणी नसताना, ते दाबून तारीख लिहून ठेवायला मिनिटभर लागते. तुमच्या आईला उद्या टबात बसवणार असतील, तर ती नोंदवही दाखवायला सांगा.