काचेचा टवका आणि आपला आळस

काचेला एकदा तडा गेला की सांधत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीच्या पुढच्या काचेबाबत मात्र हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आजचा हा खटाटोप.

मागच्या शनिवारी बाबांना घेऊन पडेगावहून दौलताबादकडे निघालो होतो. पुढे खडीचा ट्रक, वर ताडपत्री नाही. टण्ण! काचेवर डावीकडे ज्वारीच्या दाण्याएवढा टवका. बाबा म्हणाले, "काही होत नाही रे, चालव."

हेच वाक्य मी आधीच्या गाडीच्या वेळी स्वतःला ऐकवलं होतं. दोन महिने ढकलले. मग मे महिन्यातल्या एका दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसलो, एसी फुल केला, आणि डोळ्यांदेखत टवक्यातून वीतभर रेघ सरकत गेली. अख्खी काच बदलावी लागली. चूक सर्वस्वी माझीच.

खरं तर ही काच एक नसतेच. दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. (मूळ कल्पनेचं पेटंट १९०९ सालचं, एदुआर बेनेदिक्तुस ह्या फ्रेंच माणसाचं.) म्हणूनच ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. दगडाचा टवका बहुतेक वेळा बाहेरच्या काचेपुरताच असतो. कारागीर त्यातली हवा ओढून घेतो, दाबाने रेझिन भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतो. रेझिनमधून प्रकाश जवळपास काचेसारखाच जातो, त्यामुळे डाग पुसट होतो. पूर्ण जात नाही, पण तडा पुढे सरकायचा थांबतो. मुद्दा तोच.

अर्थात प्रत्येक वेळी हे जमत नाही. टवका नाण्यापेक्षा मोठा असेल, तडा कडेपर्यंत गेला असेल किंवा आतली काचही फुटली असेल, तर काच बदलाच. चालकाच्या थेट नजरेसमोर असेल तरीही बदला. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत नेमका तिथेच फाकतो. तिथे काटकसर नको.

पण इतर वेळी "बदलूनच टाका साहेब, इन्शुरन्स आहे ना" हा सल्ला मला पटत नाही. विम्यात काचेवर घसारा धरत नाहीत, हे खरं. पण क्लेम केला की, वेगळं कव्हर नसेल तर, नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षांत तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो! शिवाय कारखान्यात चिकटवलेली काच गाडीच्या सांगाड्याला बळ देते, बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग उघडताना तिच्यावरच टेकते. ती विनाकारण कशाला उखडायची? आणि वर नवा फास्टॅगही आलाच :-)

आमच्या धंद्यात लहान बग 'नंतर बघू' म्हणून ठेवला की तो रिलीजच्या आदल्या रात्री उगवतो. हे माहीत असूनही काचेच्या बाबतीत मी तेच केलं होतं. ह्या वेळी तिथेच गाडी बाजूला घेतली, धूळ-पाणी जाऊ नये म्हणून टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, एसी बंद केला आणि सोमवारी रेझिन भरून घेतलं. बाबा घरी येईपर्यंत उकडतंय म्हणून कुरकुरत होते.

असो. आज गाडी पुसताना काच जरा नीट बघा.