घर विकायचंय? आधी फाइल, मग माळा

मैत्रिणींनो,

मानपाड्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. मानपाडा म्हणजे ठाण्याचं, घोडबंदर रोडवरचं. त्या लिहितात, "ताई, २५ वर्षं या वन रूम किचनमध्ये काढली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे गेले. म्हणून ही जागा विकून डोंबिवलीला लिफ्टच्या इमारतीत जायचं ठरतंय. हे म्हणतात, 'कागदपत्रांचं मी बघतो, तू आवराआवर कर.' पण जागा सासऱ्यांच्या नावावर, आणि ते चार वर्षांपूर्वी गेले. गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत ताबा मागतंय. सुरुवात कुठून करू?"

बाई गं, माळ्यापासून नको. कपाटातल्या फाइलीपासून कर!

घराला रंग नाही म्हणून सौदा सहसा मोडत नाही. एखादा कागद नाही म्हणून मात्र मोडतो. तेव्हा एका दुपारी चहा घेऊन बसा आणि यादी करा: मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, लाइट बिल. कर्ज फेडलं असेल तर बँकेचा तसा दाखला. इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रतही सोसायटीकडून मागून ठेवा. डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला, तेव्हापासून घेणारे हा कागद हमखास विचारतात. आणि हो, डोंबिवलीत घर घेताना तुम्हीही तो विचाराच.

आता सासऱ्यांच्या नावाचं. "नॉमिनी सासूबाई आहेत, त्या सही करतील," असं घरात सगळे धरून चालतात. इथेच घोटाळा होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा सारखा वाटा. म्हणजे नणंदबाईही आल्याच, मग लग्नाला ३० वर्षं का होईनात.

तर नणंदबाईंना "जरा सहीला या" असा फोन करू नका. रविवारी जेवायला बोलवा. घर केवढ्याला जातंय, नवं केवढ्याला येतंय, आईची सोय कुठे होणार, सगळं मोकळेपणी सांगा. त्यांनी राजीखुशीने हक्क सोडला तर रीतसर नोंदणी करून हक्कसोडपत्र करा. नाही सोडला तर विक्रीच्या करारावर त्यांचीही सही आणि त्यांचा वाटा त्यांच्या हाती. यात वाईट काही नाही. आपल्या माहेरच्या घरातही आपला असाच हक्क आहे, एवढं मनात ठेवून बोललं की आवाज चढत नाही.

हे झालं की सोसायटीच्या दप्तरी वारसांची नावं लावून घ्या. वारसांच्या नावे करताना सोसायटीला हस्तांतराचा प्रीमियम घेता येत नाही. बाहेरच्याला विकताना घेता येतो, पण जास्तीत जास्त २५ हजार रुपये. वर 'देणगी' मागितली तर लेखी मागणी द्या म्हणावं! या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीचा शब्द आत्ताच देऊ नका.

आता घराकडे वळू. फार खर्च करू नका. गळका नळ, खिळखिळी कडी, न लागणारी ट्यूब, न्हाणीघरातल्या फरशांच्या फटी, एवढं नीट करा. माळा रिकामा दिसला की खोली मोठी वाटते. जुने कपडे बोहारणीला, रद्दी रद्दीवाल्याला, भंगार भंगारवाल्याला. भिंतीला ओल असेल तर वरून रंग फासू नका; पहिल्या पावसात पोपडे सुटतात आणि शब्दही जातो. कुठून गळतं ते सांगून टाका, किमतीत फार तर थोडं मागेपुढे होईल. घर पाहायला येणार त्या दिवशी बांगडे तळायचे नाहीत, एवढं पथ्य पाळा!

सामान बांधताना खोक्यावर आत काय आहे ते लिहा. लोखंडी कपाट नव्या दारातून आत जातं का, ते आधी मोजा. घोडबंदर रोडची कोंडी तुम्हाला ठाऊकच आहे. टेंपो पहाटे सांगा. औषधं, दागिने, कागदांची फाइल आणि देव टेंपोत नाही, आपल्याजवळ. पहिल्या दिवसाची वेगळी पिशवी भरा: चहा-साखर, दूध, एक पातेलं, काडेपेटी, सासूबाईंच्या गोळ्या, चादरी. निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, गॅसचं कनेक्शन बदलून घ्या. किल्ली मात्र शेवटचा पैसा खात्यात जमा झाल्यावरच. रोख घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.

आणि शेवटचं, पण मनावर घ्याच. नवं घर कोणाच्या नावावर? महाराष्ट्रात २०२१ पासून, राहतं घर फक्त बायकांच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जुन्या घरात सासूबाईंचा वाटा आहे, आणि तुमची २५ वर्षं आहेत. मग नव्या करारावर दोघींची नावं का नसावीत? आज रात्री जेवणं झाल्यावर विषय काढा. "कागदपत्रांचं मी बघतो" म्हणाले, तर म्हणा, "दोघं मिळून बघू."

नव्या घरी दूध उतू घालाल, तेव्हा मला जरूर कळवा.

तुमची,
ताई