अजून चालतेय की!

मंडळी, वस्तू मोडल्याशिवाय टाकायची नाही, हा आमच्या घरचा जुना रिवाज. पुण्यात कॉलेजात असताना सायकलची चेन सैल होऊन पडू लागली की कोपऱ्यावरचा सायकलवाला मागचं चाक जरा मागे ओढायचा. तेवढ्याने भागलं नाही तर कडी काढून द्यायचा. काम फत्ते!

त्यामुळे इकडे चिरंजीवांची गिअरची सायकल कटकट वाजू लागली तेव्हा आम्ही थोडं तेल सोडलं आणि म्हणालो, "अजून चालतेय की!" आठवड्याने सिग्नल हिरवा झाल्यावर त्याने उभं राहून जोरात पेडल मारलं, चेन दात्यांवरून सटकली आणि पोरगं हँडलवर आदळलं. हनुवटीला तीन टाके पडले. मागची गाडी वेळेवर थांबली म्हणून निभावलं.

चूक आमचीच. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या काही लांबत नाहीत. धूळ-रेती जाऊन प्रत्येक सांध्यातली पिन आतून झिजते. सांधे शंभराच्या वर, प्रत्येकात केसाएवढी झीज. सगळी मिळून चेन लांबते. मग ती दात्यांवर नीट बसत नाही आणि दातेही खाते. कडी काढून सैलपणा जातो, झीज जात नाही.

ती ओळखायची कशी? गराजमधली पोलादी टेप घ्या. (शिवणाची नको, ती स्वतःच ताणते!) पेडल किंचित दाबून वरची चेन ताठ करा. टेपवरची १ इंचाची खूण एका पिनच्या मध्यावर धरा. दोन पिनांत अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे तिथून पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १३ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदलावी. १/८ इंच सरकली असेल, तर बहुधा मागची दातेरी चक्रंही बदलावी लागतात, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते. चक्रांचा खर्च चेनपेक्षा जास्त, हे सांगायला नकोच.

आमची पिन १/८ च्याही पुढे गेली होती! दोन्ही बदललं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी चेन पुसून, तेल देऊन चिरंजीव स्वतः टेप लावतात. "अजून चालतेय की" आम्ही आजही म्हणतो. फक्त मोजून झाल्यावर.