झाडू घरी बसून मारावा काय?

रेल्वेचे रूळ व फलाट यांची दुरुस्ती झालीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. प्रश्न इतकाच की, तिचे मोल कोणी द्यावयाचे? ३१ मे ते २ जून २०२४ या काळात मध्य रेल्वेने ठाणे व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथील फलाटांच्या कामासाठी ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला व ९३० लोकल फेऱ्या रद्द केल्या. नोकरांस घरून काम करू द्यावे, अशी विनंतीही रेल्वेने आस्थापनांस केली. पण सफाई कामगाराने झाडू घरी बसून मारावा काय? हमालाने ओझे घरीच वाहावे काय? ज्याचा पगार महिन्याचा, त्यास विसावा मिळाला. ज्याची मजुरी रोजची, त्याची चूल थंडावली. रविवारच्या ब्लॉकची कथाही हीच. रविवार हा सर्वांचाच सुटीचा वार नव्हे.

आम्ही भिक्षा मागत नाही. ब्लॉकच्या काळात रेल्वेच्याच पासावर पुरेशा बसगाड्या मिळाल्या पाहिजेत, आणि गाडीअभावी पडलेल्या खाड्याची मजुरी मालकाने कापता कामा नये. बंधुभगिनींनो, हा हक्क संघटित होऊन मागा. मुकाट्याने सोसणाऱ्याचे नुकसान कोणी हिशेबात धरीत नाही.