पाण्याखालचा पत्ता

आमच्या आजीचे गाव आता कुठल्याच बसच्या पाटीवर नाही. घटप्रभेवर हिडकलचे धरण झाले, १९७० च्या दशकात पाणी चढत गेले आणि काठची माणसे उठून माळावरच्या नव्या वसाहतीत गेली. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, म्हणून ते तरी लोकांच्या लक्षात राहिले. आजीच्या गावात असे उंच देऊळ नव्हते. होता तो शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा.

त्या म्हसोबाला आमच्या घरचा नैवेद्य कधी चुकला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात धरणाच्या काठी जायचे, मामा हात करून दाखवतील त्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, आई आणि मामी दहीभात-नारळ पाण्यात सोडणार. गाव उठले तेव्हा मामा दहा वर्षांचे होते. तरी दिशा त्यांनाच ठाऊक, हे घरात ठरूनच गेले होते.

२००६ साली मी नुकतीच कॉलेजात भूगोल शिकवायला लागले होते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आजी शहरात आली होती. पट्टी निघाल्यावर तिला सायबर कॅफेत नेले. तासाला वीस रुपये देऊन गूगल अर्थ उघडले. पृथ्वीचा निळा गोळा फिरला, आशिया जवळ आला, भारत आला. आजी पदर सावरून पुढे सरकली. मग आमचा भाग आला आणि चित्र विरघळले. हिरव्या-तपकिरी रंगाचे डाग आणि मधे पाणी. आजी म्हणाली, "हे पाणी तर मी रोज बघते की गं. गाव कुठं आहे?"

उत्तर माझ्याजवळ नव्हते. चित्र असे का दिसते, एवढे मात्र माहीत होते. त्या काळी मोठ्या शहरांची चित्रे बारीक असत, पण बहुतेक खेड्यापाड्यांसाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची छायाचित्रे वापरलेली होती. त्यांत पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण १५ मीटर. आपले अख्खे घर अंगणासकट एका ठिपक्यात बसून जाते, तिथे दार-खिडकी काय दिसणार!

शिवाय हे चित्र एका दिवसाचे नसते. गोधडीला जसे वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे लागतात, तसे वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून ते बनते. म्हणून एखादे धरण अर्धे भरलेले आणि अर्धे कोरडे, मधे सुरीने कापावी तशी सरळ रेघ, असे चमत्कारिक दृश्य दिसते. फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने आणखी एक सोय केली. नकाशाच्या आधीच चौकोनी वड्या पाडून ठेवायच्या आणि वाचणाऱ्याला हव्या तेवढ्याच पाठवायच्या. एक पायरी जवळ गेले की एका वडीच्या चार वड्या होतात. आमच्या संथ इंटरनेटवरही नकाशा सरकायचा तो यामुळे.

गूगल अर्थचे मूळ तर आणखी गमतीचे. हा कार्यक्रम आधी कीहोल नावाच्या अमेरिकन कंपनीचा. कीहोल म्हणजे कुलपाचे भोक. अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांचे जे सांकेतिक नाव, तेच कंपनीने घेतले होते. २००३ च्या इराक युद्धात सीएनएनने बातम्यांमध्ये ही चित्रे वापरली आणि ती घरोघर पोहोचली. २००४ मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली आणि जून २००५ मध्ये गूगल अर्थ लोकांना फुकट दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. पुढे २००९ च्या ऑगस्टमध्ये इस्रोने आपले स्वतःचे 'भुवन' सुरू केले.

आजी २००८ साली गेली. तिचा प्रश्न माझ्याकडेच राहिला.

२००९ च्या फेब्रुवारीत गूगल अर्थमध्ये जुनी चित्रे पाहण्याची सोय आली. वर एक पट्टी, ती मागे ओढायची की आधीच्या तारखांची चित्रे दिसतात. तोवर आमच्या भागाची बारीक चित्रेही आली होती. पट्टी ओढता ओढता एका उन्हाळ्याचे चित्र सापडले. पाणी खूप मागे हटलेले, गाळाला भेगा पडलेल्या आणि त्यात फिकट रेघांचे चौकोन. घरांची जोती! पण ते आमचेच गाव कशावरून? मग मी धरणापूर्वीच्या पाहणीवर केलेला सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा मिळवला, स्कॅन केला आणि उपग्रहाच्या चित्रावर पातळ कागदासारखा पसरला. तो नीट बसेना. जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापनावर आखलेले आणि गूगलचे मापन वेगळे, त्यामुळे सगळे थोडे सरकलेले असते. शेवटी न बुडालेल्या दोन टेकड्या आणि जुन्या रस्त्याचे वळण जुळवले, तेव्हा नकाशातले गाव बरोबर त्या जोत्यांवर येऊन बसले.

आनंदाने सगळ्यांना बोलावले. मामांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले. मग आम्ही नैवेद्य सोडतो ती जागा मी दाखवली. गाव तिथून समोर नव्हतेच. डाव्या हाताला, चांगले दीड किलोमीटर आत होते. आम्ही इतकी वर्षे भलत्याच गावाच्या शेतांकडे तोंड करून हात जोडत होतो.

खोलीत कोणी बोलेना. मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं वायाच गेलं म्हणायचं," एवढेच ते म्हणाले. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. नकाशा बरोबर होता, पण तो कोणासमोर उघडतो आहोत याचा विचार मी केला नव्हता.

तेव्हा मामी बोलल्या. त्या गोकाककडच्या, माहेरची भाषा कन्नड. मामांकडे न बघताच म्हणाल्या, "एल्ला ओंदे नीरु." सगळे पाणी एकच. आईने लगेच री ओढली, "नाहीतर काय! पाण्यात सोडलेलं देवाला पोचायचं राहतंय होय? तू दहा वर्षांचा होतास रे, तेवढं तरी ध्यानात ठेवलंस."

मामा उठले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हा ओढा दिसतोय. इथं चिंच होती." आई म्हणाली, "चिंच पलीकडं, अलीकडं विहीर." मामी म्हणाल्या, "आमच्यात त्याला हळ्ळ म्हणतात." भांडत भांडत रात्रीचे अकरा वाजले. मी एकेक पिवळी पिन टोचत गेले आणि नावे लिहीत गेले. ओढ्याच्या पिनेवर ओढाही लिहिले आणि हळ्ळही. सतरा पिना झाल्या. शेवटची म्हसोबाची, ती मामांनी माउस धरून स्वतः टोचली.

आम्ही अजून त्याच काठावर जातो. फक्त उभे राहताना मामा थोडे डावीकडे वळतात आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे.

वाचकहो, आता हे सगळे आपल्या हातातल्या मोबाईलवर आहे. नकाशांवरचे बरेच सरकारी निर्बंधही फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल झाले. घराचे छप्पर, शेताचा बांध सगळे वरून दिसते. पण कोणत्या बांधाला काय म्हणत, कोणत्या झाडाखाली कोण बसत असे, हे कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. ते घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना ठाऊक आहे, मराठीत असो वा कन्नडमध्ये. एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि पिना टोचून घ्या. माझ्या आजीला मी गाव दाखवू शकले नाही, निदान तुमच्या आजीचे तरी राहू नये.